खांदेरीसमोर सूर्य पेटणार कधी?

अलिबाग म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मांडव्याची बोट, किहीमचा किनारा, शनिवारी रात्रीचं सुरमई फ्राय आणि सोमवारी सकाळी ऑफिसात मिरवायचं टॅन! अलिबागला जाऊन विज्ञान आठवणारा माणूस अजून तरी मला भेटलेला नाही. पण चोंढीहून अलिबागकडे जाताना थळच्या आसपास एक प्रचंड कारखाना दिसतो. तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा, म्हणजे आपल्या आरसीएफचा, युरियाचा प्लँट. त्याच्याच शेजारी अणुऊर्जा खात्याचा एक प्रकल्प गुपचूप आपलं काम करत असतो. त्याचं नाव हेवी वॉटर प्लँट. जड पाण्याचा कारखाना!

आता तुम्ही म्हणाल, वीकेण्डला हे जड प्रकरण कशाला? तर त्याचं कारण असं, की गेली दोन-तीन वर्षं ‘फ्युजन’ या शब्दाची जाम हवा आहे. कृत्रिम सूर्य, कधीही न संपणारी वीज, समुद्राच्या पाण्यावर चालणारी जहाजं... तुमच्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं असेलच. आणि त्या फ्युजनचं मुख्य इंधन ज्यात असतं, ती वस्तू थळला १९८७ पासून तयार होते आहे. इंधन आपल्या वीकेण्डच्या वाटेवर, आणि ते जाळणारं इंजिन? ते मात्र जगात कुठेच नाही! ही गंमत नेमकी काय आहे, हे बघायला मी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडली आणि थळ गाठलं.

सूर्याचा फंडा

आधी शाळेतली थोडी उजळणी. आज जगातल्या सगळ्या अणुवीज केंद्रांमध्ये युरेनियमसारखा जड अणू फोडून ऊर्जा मिळवतात. ते विखंडन, म्हणजे फिशन. सूर्य बरोबर उलटं करतो. तो हलके अणू एकमेकांत घुसवतो. हे संमीलन, म्हणजे फ्युजन.

पृथ्वीवर हे करायचं तर सर्वांत सोपी जोडी म्हणजे हायड्रोजनचे दोन भाऊ, ड्युटेरियम आणि ट्रिटियम. दोघं एकत्र आले की हेलियम तयार होतो, एक न्यूट्रॉन सुसाट बाहेर पळतो आणि भरपूर ऊर्जा सुटते. अट एकच. तापमान साधारण १५ कोटी अंश सेल्सियस हवं! सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश असतं, म्हणजे आपल्याला त्याच्या दहापट लागतं. सूर्याला त्याच्या अवाढव्य वजनाची मदत मिळते, आपल्याला ती सोय नाही.

ड्युटेरियम दुर्मीळ मुळीच नाही. साध्या पाण्यातल्या सुमारे साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात तो ३३ मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. तेवढा पूर्णपणे जाळता आला, तर सुमारे ३०० लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा मिळेल. वर्सोलीच्या बीचवर बाटली भरायची आणि गाडी वर्षभर चालवायची! व्हॉट्सअॅपवाल्यांना वेड लागतं ते इथेच. ‘जाळता आला तर’ हे तीन शब्द फॉरवर्ड करताना कुठेतरी गळून पडतात.

युरियाच्या वाटेवरचं जड पाणी

थळच्या प्लँटमध्ये तुम्हाआम्हाला अर्थातच प्रवेश नाही. कुंपणाबाहेरून दिसतात ते मनोरे आणि पाइपांचं जंगल. पण आत काय चालतं त्याची कल्पना भन्नाट आहे, आणि एखाद्या कॉस्ट-कटिंगवाल्या मॅनेजरला मिठी माराविशी वाटेल इतकी व्यवहारी!

ड्युटेरियम वेगळा काढायचा तर मुळात हायड्रोजन खंडीभर लागतो, कारण त्यातला साडेसहा हजारांतला एकच आपल्या कामाचा. एवढा हायड्रोजन आणायचा कुठून? खताच्या कारखान्यातून! आरसीएफ नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवतं आणि त्यात नायट्रोजन मिसळून अमोनिया, मग युरिया तयार करतं. वाटेत हाच वायू प्रचंड दाबाखाली शेजारच्या जड पाण्याच्या प्लँटमध्ये पाठवला जातो. तिथे त्याची गाठ द्रवरूप अमोनियाशी पडते. पोटॅशियम अमाइड नावाच्या उत्प्रेरकाच्या मदतीने वायूतला ड्युटेरियम हळूहळू त्या अमोनियात जाऊन बसतो. मग उरलेला वायू पुन्हा आरसीएफकडे, युरिया करायला. शेतकऱ्याच्या खतात काही फरक पडत नाही. प्लँटमध्ये मात्र ड्युटेरियम पुन्हा पुन्हा गाळत नेतात आणि शेवटी त्याचं जड पाणी होतं. या प्लँटची मूळ क्षमता वर्षाला ११० टनांची.

आणि हो, जड पाणी स्वतः किरणोत्सारी नसतं. दिसायला अगदी साध्या पाण्यासारखंच, फक्त साधारण ११ टक्के जड. सध्या ते जातं आपल्या विखंडनवाल्या अणुभट्ट्यांमध्ये. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या भट्ट्या अशाच जड पाण्यावर चालतात. तिथे न्यूट्रॉनांचा वेग कमी करणं हे त्याचं काम.

गंमत पुढेच आहे. अशा भट्ट्यांमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या जड पाण्यात थोडा थोडा ट्रिटियम तयार होत जातो. म्हणजे फ्युजनच्या जोडीतला दुसरा भाऊ! जगात फ्युजनच्या प्रयोगांसाठी जो ट्रिटियम मिळतो, तो मुख्यतः कॅनडातल्या अशाच जड पाण्याच्या भट्ट्यांमधून. तेव्हा फ्युजनच्या दोन्ही इंधनांची वाट जड पाण्यातून जाते.

वारा पडला की खेळ संपला

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. यातलं खांदेरी २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. फोटो तर सगळेच काढतात. पण इथे उभं राहिल्यावर मला जहाज आणि ऊर्जा यांचं नातं जेवढं कळलं, तेवढं एकाही प्रेझेंटेशनमधून कळलं नव्हतं.

१६७९. शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला म्हटल्यावर इंग्रजांचं धाबं दणाणलं. बांधकामाची जबाबदारी मायनाक भंडाऱ्यांकडे होती. इंग्रजांनी ‘रिव्हेंज’सारखी मोठी, तोफांनी भरलेली जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली. कागदावर सामना एकतर्फी. पण त्या मोठ्या जहाजांची सगळी ताकद शिडांत, म्हणजे वाऱ्यात. मराठ्यांची गलबतं छोटी, उथळ पाण्यात जाणारी आणि वल्ह्यांवर चालणारी. वारा पडो नाहीतर रात्र होवो, ती किनाऱ्यावरून रसद घेऊन बेटावर पोचायचीच. ऑक्टोबरमध्ये समोरासमोर लढाई झाली, इंग्रजांचं ‘डव्ह’ मराठ्यांच्या हाती लागलं, मराठ्यांचीही काही गलबतं बुडाली. शेवटी १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला. बांधकाम काही थांबलं नाही.

पुढे सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात हेच तंत्र पक्कं झालं. वारा मंद असला की गलबतं वल्ही मारत मोठ्या गुराबांना ओढून नेत आणि जागच्या जागी अडकलेल्या युरोपीय जहाजाला गाठत. आजच्या भाषेत सांगायचं तर समोरच्याची बॅटरी डाऊन, आपल्याकडे पॉवर बँक!

आरमाराचा पुढचा सगळा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो. ऊर्जेसाठी तुम्ही कोणावर अवलंबून आहात, आणि किती दिवसांनी तुम्हाला परत फिरावं लागेल?

वाफ आली तेव्हा वाटलं, सुटलो वाऱ्याच्या तावडीतून. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्ये सुएझला निघाली. तिच्या कोठारात कोळसा मावायचा पाच-साडेपाच दिवसांचा, आणि एडनपर्यंत लागायचे अकरा दिवस. मग काय, राहायच्या जागेतसुद्धा कोळसाच कोळसा! वाऱ्याची गुलामी गेली आणि कोळशाची आली. नंतर तेल आलं, पण परत फिरायचं टेन्शन तसंच राहिलं.

नावाची सख्खी, प्रश्नही तोच

या खांदेरीच्या नावाची एक पाणबुडी आपल्या नौदलात आहे. माझगाव डॉकने बांधलेली ‘आयएनएस खांदेरी’ २८ सप्टेंबर २०१९ ला दाखल झाली. पाण्याखाली तिचं वजन भरतं सुमारे १,७७५ टन. तिच्या पोटात ३६० बॅटऱ्या आहेत आणि त्यातली प्रत्येक जवळपास ७५० किलोची. गणित केलंत तर २७० टन नुसत्या बॅटऱ्या! त्या चार्ज करायला डिझेल इंजिन लागतं, डिझेलला हवा लागते, आणि हवेसाठी पाणबुडीला वर येऊन नळी बाहेर काढावी लागते. लपून राहणं हेच जिचं काम, तिला चार्जिंगसाठी तोंड दाखवावं लागतं. तुमचा मोबाइल मीटिंगमध्ये बंद पडतो तेव्हा फार तर बॉस चिडतो. इथे प्रश्न जिवाचा असतो.

यावर एक उपाय आपल्या शेजारी अंबरनाथमध्ये तयार झाला आहे. तिथल्या नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीने पाणबुडीसाठी फ्युएल सेल विकसित केला. हायड्रोजन पाणबुडीतच तयार करायचा, ऑक्सिजनशी त्याचा संयोग करून वीज मिळवायची, बाहेरची हवा नको. यामुळे पाणबुडी कितीतरी जास्त दिवस खाली राहू शकते. ही यंत्रणा बसवण्यासाठीचा भाग बनवून तो पाणबुडीत जोडण्याचं सुमारे १,९९० कोटींचं कंत्राट डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकला मिळालं.

दुसरा उपाय म्हणजे अणुभट्टी. २६ जुलै २००९ ला विशाखापट्टणमला पाण्यात उतरलेल्या ‘अरिहंत’ची छोटी भट्टी तयार करण्यात ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा मोठा वाटा आहे. अशा पाणबुडीला ना हवा लागते ना डिझेल. ती किती दिवस खाली राहील, हे ठरतं आतल्या माणसांना शिधा किती दिवस पुरतो यावर.

मग फ्युजन कशाला हवं? कारण विखंडनात वर्षानुवर्षं किरणोत्सारी राहणारा कचरा तयार होतो, युरेनियम समृद्ध करावं लागतं, आणि ते करू शकणाऱ्या देशांची यादी छोटी आहे. फ्युजनमध्ये भट्टी बेफाम होऊन वितळण्याची भीती नाही, कारण जरा बिघडलं की आग आपोआप विझते. ती पेटती ठेवणं हीच तर खरी डोकेदुखी! शिवाय असं छोटं इंजिन जमलं, तर नौदलाबाहेर मालवाहू जहाजांनाही ते चालेल. समोर उरणला जेएनपीएला येणाऱ्या बहुतेक मोठ्या जहाजांच्या टाकीत आजही तेलच असतं.

तेरा खांदेऱ्या, एक भट्टी

आता थोडं थंड पाणी ओतते. साधंच, जड नव्हे!

जगातला सर्वांत मोठा फ्युजन प्रकल्प म्हणजे फ्रान्समधला ‘इटर’. भारत त्यात २००५ पासून आहे आणि आपला वाटा सुमारे नऊ टक्के. त्याचा क्रायोस्टॅट, म्हणजे सगळं यंत्र ज्यात बसतं तो अजस्र थर्मास, लार्सन अँड टुब्रोने सुरतजवळच्या हजिऱ्यात बनवला. ३,८५० टन वजन, आणि उंची-रुंदी २९ मीटरच्या आसपास. अभिमान वाटावा असंच काम. पण संपूर्ण यंत्राचं वजन आहे २३,००० टन. म्हणजे साधारण तेरा ‘खांदेरी’ पाणबुड्या! एवढं करून ते वीज बनवणारच नाही. ५० मेगावॉट उष्णता आत घालून ५०० मेगावॉट बाहेर काढता येते का, एवढंच ते दाखवणार. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार तिथे संशोधनाची सुरुवात २०३४ मध्ये आणि खऱ्या इंधनावरचे प्रयोग २०३९ मध्ये. तेव्हा तुमच्या होम लोनचा शेवटचा हप्ता जवळ आलेला असेल.

पण प्रगती होत नाही असं मुळीच नाही हं. ५ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीमध्ये लेसरने २.०५ मेगाजूल ऊर्जा इंधनाच्या गोळीला दिली आणि ३.१५ मेगाजूल परत मिळाली. इतिहास घडला! फक्त ते लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाजूल वीज खर्च झाली होती. ब्रिटनच्या ‘जेट’ यंत्राने २०२३ मध्ये केवळ ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ५ सेकंदांत ६९ मेगाजूल ऊर्जा काढली, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत १९ युनिट. पण आत घातलेली उष्णता त्याहून जास्त होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या ‘वेस्ट’ने प्लाझ्मा १,३३७ सेकंद टिकवला. बावीस मिनिटं! जहाजाला मात्र महिनोन् महिने लागतात.

जहाजात बसवायचं तर आणखी तीन भानगडी. पहिली म्हणजे तो सुसाट पळणारा न्यूट्रॉन. तो यंत्राच्या भिंती पोखरतो आणि त्याला अडवायला जाडजूड कवच लागतं, पाणबुडीत तर इंच इंच जागेची मारामारी. दुसरी, ट्रिटियम. त्याचं प्रमाण सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं, त्यामुळे साठवून ठेवायची सोय नाही. भट्टीनेच लिथियमपासून तो स्वतःसाठी तयार करत राहायचा, आणि हे पूर्ण चक्र अजून कोणी चालवून दाखवलेलं नाही. तिसरी, प्लाझ्मा पकडून ठेवणारी चुंबकं. त्यांना अतिथंड ठेवावं लागतं. कोट्यवधी अंशांचा जाळ आणि त्याच्या अगदी शेजारी हाडं गोठवणारी थंडी, तेही हेलकावे खाणाऱ्या जहाजात!

म्हणून दाव्यांकडे जरा डोळे उघडे ठेवून बघायला हवं. ऑक्टोबर २०१४ मध्ये लॉकहीड मार्टिनसारख्या दादा कंपनीने ट्रकवर मावेल अशा फ्युजन भट्टीची घोषणा केली होती. जहाजं चालतील, विमानं उडतील! २०२१ मध्ये ते काम थांबल्याच्या बातम्या आल्या. २०२५ मध्ये ‘मॅरिटाइम फ्युजन’ नावाच्या अमेरिकी स्टार्टअपने खास जहाजांसाठी फ्युजन यंत्र बनवायचा बेत मांडला. नव्या उच्च-तापमान सुपरकंडक्टर तारांमुळे छोटी पण ताकदवान चुंबकं करता येऊ लागली आहेत, हे खरं आहे. त्याच जोरावर अमेरिकेतली कॉमनवेल्थ फ्युजन सिस्टिम्स ‘स्पार्क’ हे यंत्र उभारते आहे. पण बेत आणि बोट यांत बराच समुद्र असतो.

समोर ट्रॉम्बे, बेटावर अंधार

एक सन लक्षात ठेवा, १९५५. त्या वर्षी १७ जानेवारीला अमेरिकेची ‘नॉटिलस’ ही पहिली अणुपाणबुडी अणुशक्तीवर निघाली. अणू फुटतो हे कळल्यापासून जेमतेम सतरा वर्षांत! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभांनी भाकीत केलं, की पुढच्या वीस वर्षांत फ्युजनची ऊर्जा काबूत आणायचा मार्ग सापडेल. त्याला आता सत्तर वर्षं होऊन गेली. भाभा काही गप्पा मारणारे गृहस्थ नव्हते. वर्षभरात, ४ ऑगस्ट १९५६ ला, त्यांनी ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ भट्टी सुरू करून दाखवली. तरीही फ्युजनने त्यांना चकवलं. विखंडन तंत्रज्ञांच्या हाती लवकर लागलं, फ्युजन अजून हुलकावणी देतंय.

आणि ही दुसरी गोष्ट, जी मला जास्त टोचली. ट्रॉम्बेच्या समोरच्या पाण्यात घारापुरी बेट आहे. एलिफंटाची लेणी असलेलं, रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यातलं. तिथल्या गावांना समोरच्या किनाऱ्यावर आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झालेली दिसली, मुंबईचा झगमगाट रोज दिसत होता. पण ग्रिडची वीज बेटावर पोचली फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकायला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं लागली! त्याआधी जनरेटरवर संध्याकाळचे काही तास काय तो उजेड. त्या केबलमध्ये कुठलंही भविष्यातलं विज्ञान नव्हतं. लागली ती फक्त कोणाला तरी निकड वाटण्याची.

फ्युजनचं इंजिन उद्या तयार झालं तरी ते आधी बसेल युद्धनौकेत, मग मोठ्या कंपनीच्या जहाजात. मग या किनाऱ्याचं काय?

“दर्यात बंद पडाला नको”

थळच्या वाळूवर होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. एक काका जाळं विणत बसले होते. मी आपलं माझं पुराण लावलं. कृत्रिम सूर्य, जड पाणी, बिनडिझेलची बोट. शेजारच्या प्लँटमध्ये काय बनतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गावाने त्या प्रकल्पांना जमिनी दिल्यात, आणि नोकरी कोणाच्या पोराला लागली नि कोणाच्या नाही, याचा हिशेब इथे अजून तोंडपाठ आहे. माझं सगळं ऐकून ते म्हणाले, “डिझेल सोडून कायपन आन गो. पन दर्यात बंद पडाला नको.”

इंजिनियरिंगची अख्खी सहा सेमिस्टर यात आली! फेरीचा खर्च काढताना आधी डिझेलचा आकडा लिहायचा, मासळी मिळो न मिळो. त्यांना हवंय स्वस्त, भरवशाचं आणि गावात दुरुस्त होणारं इंजिन. ते पुरवायला सूर्य खाली उतरवायची गरज नाही. केरळात ‘आदित्य’ ही सौर-विद्युत फेरीबोट २०१७ पासून प्रवासी वाहते आहे. ती बनवणाऱ्या नवाल्ट कंपनीनेच डिसेंबर २०२३ मध्ये माझगाव डॉकसाठी ‘बाराकुडा’ ही सौर-विद्युत कामाची बोट पाण्यात उतरवली. कोचीन शिपयार्डची हायड्रोजनवर चालणारी प्रवासी बोट डिसेंबर २०२५ मध्ये वाराणसीत सुरू झाली. मांडवा, रेवस, करंजासारख्या छोट्या फेऱ्यांसाठी अशाच बोटी सोयीच्या. लाटा आणि पावसाळा यांचं गणित इथे वेगळं, मान्य. पण ते सोडवायला २०३९ पर्यंत थांबायला नको.

मग आपण काय करायचं?

माझा एक मित्र पुण्यात आयटीत आहे. परवा त्याने विचारलं, फ्युजनमध्ये करिअर करू का, की नुसती हवा आहे? मी त्याला थळला जाऊन ये म्हटलं. तिथला प्लँट कोणाच्याही हेडलाइनमध्ये नसतो. पण साडेसहा हजारांतला एक अणू वेचून काढायचं काम तिथली माणसं जवळपास चार दशकं करताहेत. गांधीनगरजवळच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमध्ये ‘आदित्य’ नावाचं फ्युजन यंत्र १९८९ पासून आहे. हजिऱ्यात क्रायोस्टॅटचं वेल्डिंग करणाऱ्यांनी कधी प्लाझ्मा पाहिला नसेल, पण त्यांच्याशिवाय इटर उभं राहिलं नसतं. फ्युजन आलं तर ते अशा कामांमधून येईल. चुंबकं, व्हॅक्युम, वेल्डिंग, कंट्रोल सॉफ्टवेअर. यातलं जे शिकाल ते फ्युजन उशिरा आलं तरी फुकट जाणार नाही. मित्राला मी हेच सांगितलं. नोकरी सोडायच्या आधी हातात असं एखादं कौशल्य घे, आणि शेअरच्या टिप्स देणाऱ्यांना सरळ ब्लॉक कर!

माझ्यापुरतं म्हणाल, तर फ्युजनवर माझा विश्वास वाढला आणि फ्युजनच्या तारखांवरचा उडाला. आपल्या निवृत्तीच्या आत एखादं फ्युजन वीज केंद्र जमिनीवर दिसलं तर मला आनंदच होईल. फ्युजनवर चालणारी ‘खांदेरी’ मात्र बहुधा आपल्या मुलांच्या वाट्याची. तोवर थळच्या होडीला चांगली मोटर मिळाली, तर या किनाऱ्याचं भविष्य थोडं आधीच सुरू झालं असं मी समजेन.

चौकट : फ्युजनची हेडलाइन वाचताना चार प्रश्न

*ऊर्जा नेमकी कुठे मोजली?* इंधनाच्या गोळीपाशी की विजेच्या मीटरपाशी? दोन्हींत शंभरपट फरक असू शकतो.

*उष्णता की वीज?* ५०० मेगावॉट उष्णता म्हणजे ५०० मेगावॉट वीज नव्हे. वीज करताना निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते.

*किती वेळ चाललं?* सेकंद, मिनिटं की महिने? जहाजाला आणि शहराला महिने लागतात.

*ट्रिटियम कुठून आणणार?* याचं उत्तर बातमीत नसेल, तर खुशाल पुढच्या बातमीकडे वळा.